हायपो दुप्पट केला तरी सांडपाण्याचा वास जाईना, आणि बागेतली झाडं जळताहेत

जास्वंद

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासच्या बाजूला आमची ९६ फ्लॅटची सोसायटी आहे. स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आहे, रोज साधारण ६० हजार लिटर सांडपाणी त्यात येतं. प्रक्रिया झालेलं पाणी बागेला आणि फ्लशला वापरतो. आमच्याकडे मार्चपासून टँकर सुरू होतो, त्यामुळे या पाण्याचा एकेक थेंब आम्हाला मोलाचा आहे.

गेले तीन महिने फ्लशच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतोय. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हायपो वाढवतो." हे जंतू मारायचं क्लोरीनचं औषध आधी दिवसाला ५ लिटर टाकायचा, आता १० टाकतो. वास तसाच. प्रयोगशाळेत नमुना दिला तर विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलीला १६०० एमपीएनपेक्षा (जंतूंच्या अंदाजे संख्येचं माप) जास्त. आणि इकडे बागेत जास्वंद आणि तगरीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन गळताहेत. मी स्वतः लावलेली झाडं आहेत हो, रोज सकाळी बघवत नाही.

आता एकाने ओझोन मशीनचं साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय. म्हणतो, क्लोरीनपेक्षा कितीतरी पट जोरदार, वास एका दिवसात गायब. कमिटी सही करायच्या बेतात आहे. माझा प्रश्न: हायपो अजून वाढवायचा, की ओझोन घ्यायचा?

समीकरण

ओझोन घ्या. एका हॉटेलच्या एसटीपीवर बघितलाय, पाणी काचेसारखं आणि वास शून्य. क्लोरीनची भानगडच नको.

सिंदफणा

ताई, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) का नाही वापरत? स्वस्त पडतं.

गाळणी

घाई करू नका, जास्वंदताई. मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, त्यातली शेवटची ९ सांडपाण्यावर. आधी थोडा हिशोब मांडतो.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. बाजारात मिळतो तो साधारण १० टक्क्यांचा, म्हणजे एका लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीन. तुमच्या १० लिटरमध्ये १ किलो क्लोरीन झाला. तो ६० हजार लिटरला वाटला तर लिटरमागे १६-१७ मिलिग्रॅम. नीट प्रक्रिया झालेल्या सांडपाण्याला ५ ते १० मिलिग्रॅम पुरायला हवेत. म्हणजे तुम्ही कमी टाकत नाही आहात. तो कुठेतरी खर्च होतोय.

क्लोरीन, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट ही सगळी ऑक्सिडीकारकं. समोर जे सापडेल त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणं हा त्यांचा धर्म. जंतू दिसले की जंतूंवर, गाळ दिसला की गाळावर, हायड्रोजन सल्फाइड दिसला की त्याच्यावर. निवड करण्याची अक्कल त्यांना नाही. आणि घाणीचं प्रमाण जंतूंपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून घाण आधी सगळं औषध खाऊन टाकते आणि जंतू मागे उरतात.

कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याचं पूर्ण सल्फेट करायला १ मिलिग्रॅममागे जवळजवळ साडेआठ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. पाण्यात ५ मिलिग्रॅम सल्फाइड असेल तर ४० मिलिग्रॅम क्लोरीन नुसत्या वासातच गेला.

मला तीन गोष्टी सांगा. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) दिवसाला किती तास चालतो? हायपो किती वाजता, कुठे आणि कसा टाकतात? प्रयोगशाळेचा नमुना किती वाजता घेतला होता?

पेट्रीडिश

चौथा प्रश्न माझा. नमुना कोणत्या बाटलीत घेतला? (मी परभणीत सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते.)

जास्वंद

गाळणीकाका, मी आज सकाळी साडेसहाला खाली जाऊन स्वतः बघितलं.

हायपो टाकायचा छोटा पंप वर्षभर बंद आहे. ऑपरेटर सकाळी आल्याआल्या शेवटच्या २० हजार लिटरच्या टाकीत कॅन उलटा करतो. एकदम. त्यानंतर पंधरा मिनिटांत माळीदादा बागेचं पाणी सुरू करतात! संध्याकाळी परत काही टाकत नाहीत.

ब्लोअर रात्री ११ ते सकाळी ६ आणि दुपारी १ ते ५ बंद असतो. गेल्या वर्षी कमिटीनेच ठरवलं होतं, लाइटबिल कमी करायला. मीही त्या बैठकीत हात वर केला होता.

नमुना संध्याकाळी पाचला घेतला होता. बाटली पाण्याचीच, घरी धुतलेली.

गाळणी

तुमचं निदान या चार ओळींत आहे.

सकाळी १ किलो क्लोरीन २० हजार लिटरच्या टाकीत, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. टाकी भरलेली नसेल तर त्याहून जास्त, आणि कॅन जिथे उलटा केला त्या कोपऱ्यात तर कितीतरी जास्त. तेच पाणी पंधरा मिनिटांत जास्वंदीच्या मुळाशी आणि पानांवर. संध्याकाळपर्यंत मागून येणाऱ्या घाण पाण्याने सगळा क्लोरीन खाल्लेला, तेव्हा तुम्ही नमुना घेतला. झाडांना जास्त आणि जंतूंना काहीच नाही, अशी वाटणी झालीय.

मूळ दुखणं ब्लोअरचं आहे. सांडपाणी शुद्ध करणारे खरे कामगार म्हणजे टाकीतले जिवाणू, आणि त्यांना श्वासाला हवा लागते. दिवसातले ११ तास तुम्ही त्यांचा श्वास कोंडता. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू वर येतात आणि सल्फाइड तयार करतात. वास तिथून येतोय. बंद खोलीत उंदीर मरून पडलाय आणि आपण उदबत्त्या वाढवतोय, तसं चाललंय.

वाळूजवाला

काकांना पूर्ण अनुमोदन. मी कारखान्यांचे ईटीपी आणि सोसायट्यांचे एसटीपी चालवतो, ही ब्लोअर बंद ठेवायची सवय मला दर दुसऱ्या ठिकाणी सापडते. ३ एचपीचा ब्लोअर ११ तास बंद ठेवला की २४-२५ युनिट वाचतात. तेवढ्यासाठी पाणी वापरायच्या लायकीचं राहत नाही आणि वरून टँकर मागवायचा.

ताई, एक काम करा. त्या बंद पडलेल्या डोसिंग पंपाची पांढरी नळी बोटाने धरून शेवटपर्यंत जा आणि ती कुठे जोडलीय ते सांगा. कोळशाच्या फिल्टरच्या आधी की नंतर?

पेट्रीडिश

बाटलीबद्दल. जंतुतपासणीची बाटली निर्जंतुक केलेली हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. पाण्यात क्लोरीन असेल तर थायोसल्फेट तो तिथल्या तिथे संपवतं. नाहीतर बाटलीत, रस्त्यात, गाडीत तो जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा.

तुमच्या बाटलीत थायोसल्फेट नव्हतं आणि तरीही १६००च्या वर आले. म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलेलाच नव्हता असं दिसतंय. अर्थात घरी धुतलेल्या बाटलीचा भरवसा नाही, पुन्हा तपासा. एसटीपीच्या पाण्याला ऑक्टोबर २०१७च्या केंद्रीय अधिसूचनेची मर्यादा १०० मिलीला १००० एमपीएनच्या आत अशी आहे.

मोगरा

वाचतेय. आमच्या जालन्यातल्या सोसायटीतही डिट्टो हेच.

समीकरण

पण मग ओझोन काय वाईट? जोर तर जास्त आहेच ना?

हायड्रॉक्सिल

जोर जास्त आहे हे खरंय. मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवतो, हा धडा दरवर्षी फळ्यावर मांडतो. ऑक्सिडीकरणाचा जोर व्होल्टमध्ये मोजतात. क्लोरीन १.३६, परमँगनेट साधारण १.७, हायड्रोजन पेरॉक्साइड १.७८, ओझोन २.०७ आणि हायड्रॉक्सिल मूलक २.८ (माझं इथलं नाव त्यावरूनच). पण या आकड्यांवरून मशीन विकत घ्यायचं नसतं. पेरॉक्साइड या यादीत क्लोरीनच्या पुढे आहे, तरी नुसत्या पेरॉक्साइडने जंतू क्लोरीनइतक्या झटपट मरत नाहीत. किती जोरात ओढतो हे एक, किती वेगात ओढतो हे दुसरं.

ओझोन जागेवरच तयार करावा लागतो. कोरड्या हवेतून किंवा ऑक्सिजनमधून उच्च दाबाची वीज सोडायची, की ऑक्सिजनच्या दोन अणूंचे तीन होतात. हवा दमट असली की मशीन निम्मं काम करतं. पाण्यात तो काही मिनिटांत संपतो, मागे काहीच शिल्लक ठेवत नाही. नदीत सोडायचं पाणी असेल तर हा गुण, कारण माशांना त्रास नाही. पण जास्वंदताईंचं पाणी टाकीत दिवसभर थांबतं, मग गच्चीवर चढतं, मग पाइपांतून ९६ घरांत उतरतं. तिथे पाण्याबरोबर चालणारा पहारेकरी हवा. तो क्लोरीनच.

फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ साली पिण्याचं पाणी ओझोनने शुद्ध करायला सुरुवात केली, म्हणजे तंत्र जुनं आणि चांगलं आहे. पण नीसनेसुद्धा आधी पाणी गाळूनच घेतलं होतं. सल्फाइडने भरलेल्या पाण्यात साडेचार लाखांचा ओझोन सोडला तर तोही गाळणीकाकांनी सांगितलं त्याच मार्गाने जाईल, फक्त महागात.

समीकरण

हे पटलं. त्या हॉटेलचा प्लांट मुळात चांगला चालत असणार, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

तेरणाकाठ

राम राम. मी लातूरकडचा शेतकरी. २०१६ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. स्टेशनावर लोक ती गाडी बघायला उभे होते, मीही होतो. तवापासून नाल्याचं पाणी वाहून जाताना बघितलं की जीव तुटतो.

आमच्या गावाखाली नाल्याला बारा महिने सांडपाणी असतं. चार-पाच जण मोटर टाकून मेथी-पालक काढतात. शेजारी मला म्हणला, "काय करलालाव भाऊ, थोडी टीसीएल टाकू अन् देऊ की पाणी." म्हणून विचारतो, टीसीएल टाकून नाल्याचं पाणी पालेभाजीला चालतं का?

पेट्रीडिश

तेरणाकाठ, नाही. आणि याचं कारण नीट समजून घ्या, तुमच्या घरातली लेकरं ती भाजी खातात.

टीसीएलने हगवणीचे आणि विषमज्वराचे जिवाणू मरतात, पुष्कळसे विषाणूही मरतात. पण जंतांची अंडी मरत नाहीत. गोल जंताच्या अंड्याला जाड कवच असतं, नेहमीच्या मात्रेतला क्लोरीन त्याच्या आत शिरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवीही क्लोरीनला दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शेतीसाठी लिटरमागे जास्तीत जास्त १ अंडं इतकी कडक मर्यादा सुचवलीय ती यासाठीच. अंडी जड असतात, शांत उभ्या पाण्यात तळाशी बसतात. म्हणून पाणी तळ्यांमध्ये बरेच दिवस साठवणं हा त्यांच्यावरचा खरा इलाज, रसायन नव्हे.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा या पाण्यावर घेऊ नका. नेपिअर गवत किंवा बांधावरची लाकडाची झाडं घ्या. आणि पाणी देताना पायात गमबूट घाला. अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो.

तेरणाकाठ

गमबुटाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्यात सगळे अनवाणीच पाणी धरतात. आजच आणतो. भाजीचं बी त्या चौघांना सांगतो, ऐकतील का ते बघू.

सिंदफणा

टीसीएलचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, बीड जिल्हा.

पिण्याच्या पाण्याला आम्ही हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल टाकतो. सांडपाण्याला काकांनी सांगितलेल्या १० मिलिग्रॅमने हिशोब केला तर हजार लिटरला ३० ग्रॅम होते, बारापट! आधी वाचून चमकलो, मग लक्षात आलं की आमचं पाणी मुळात विहिरीचं.

पण "चांगली" या शब्दावर सगळं अडतं. नव्या पोत्यात ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढला, की पांढरी भुकटी तशीच दिसते पण आत जीव नसतो. मी पहिल्या वर्षी अशीच पावडर टाकत होतो. मापाने टाकायचो, वहीत लिहायचो, आणि नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारं तपासणीचं औषध) टाकली की पाणी कोरंच्या कोरं. गावाला त्या वर्षी हगवण लागली. पाणी किती सुरक्षित हे दाखवणारं आमच्या गावाचं कार्ड हिरव्याचं पिवळं झालं, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून झाकणाचा प्लास्टिकचा पिंप वापरतो आणि तीन महिन्यांच्या वर साठा घेत नाही.

आणखी एक. पावडर थेट विहिरीत किंवा टाकीत टाकायची नसते. बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरायची, लाकडी काठीने ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं ओतायचं. चुना ओतला तर पाण्याचा जडपणा वाढतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, नाहीतर डोळे चरचरतात.

गाळणी

सिंदफणा, फार मोलाचं लिहिलंत. हायपोचंही तेच आहे, उलट जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश असतं, त्यात काळा कॅन उन्हात ठेवला तर १० टक्क्यांचा हायपो काही आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकतो. जास्वंदताई, तुमचे कॅन कुठे आहेत?

जास्वंद

जनरेटरशेजारी. उन्हात. 😔

आणि वाळूजवाला, मी नळी धरून गेले. पंपापासून भिंतीवरून, दोन ठिकाणी तारेने बांधलेली, मग वाळूच्या फिल्टरनंतरच्या पाइपात शिरते. तिच्यापुढे कोळशाचा फिल्टर आहे.

वाळूजवाला

मला वाटलंच होतं. सक्रिय कोळसा क्लोरीन शोषतो, त्याचं कामच ते आहे. घरच्या फिल्टरमध्ये क्लोरीनचा वास घालवायला कोळसाच घालतात. तुम्ही पंप दुरुस्त करून तसाच सुरू केला असता तर सगळा हायपो कोळशात मुरला असता आणि फिल्टरच्या पुढे निर्जंतुक न झालेलं पाणी गेलं असतं. नळी कोळशाच्या फिल्टरनंतर जोडा. टाकीत विटांच्या दोन आडभिंती घालून पाण्याला नागमोडी वाट करून द्या, म्हणजे क्लोरीन मिसळल्यावर बाहेर पडेपर्यंत निदान अर्धा तास जाईल.

परिचारिका

मधेच लिहिते, पण महत्त्वाचं आहे. घाटी रुग्णालयात काम करत असताना एक सफाई कामगार आला होता, श्वास घेता येत नव्हता. संडासात आधी ॲसिड टाकलं होतं, डाग गेले नाहीत म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. १९१५ला पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून असं झालं तर खाली वाकून बसू नका, उंच मोकळ्या जागी जा.

कृपया एसटीपीच्या खोलीत ॲसिडचा कॅन आणि हायपोचा कॅन शेजारी ठेवू नका. रंगही सारखे असतात.

वाळूजवाला

+१. आम्ही दोन वेगळ्या खोल्यांत ठेवतो, आणि ॲसिडच्या कॅनला लाल पट्टी.

कुंभारवाडा

आमची आजी विहिरीत जांभळे खडे टाकायची. पोटॅश म्हणायची त्याला. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गुलाबी दिसायचं आणि आम्हा पोरांना ते प्यायला भारी वाटायचं. पैठणजवळचं गाव. ते पण ऑक्सिडीकारकच का?

हायड्रॉक्सिल

हो! पोटॅशियम परमँगनेट. पटकीच्या साथीत हिंदुस्थानभर विहिरींत टाकायचे. आग्र्याला काम करणाऱ्या हॅनकिन या जंतुशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पटकीचा जंतू नाजूक असल्याने त्याचा थोडाफार परिणाम होत असेल, पण बाकीच्या जंतूंवर क्लोरीनइतका भरवसा नाही. शिवाय मागे मँगनीजचा तपकिरी गाळ उरतो. आजही पाण्यातलं लोह आणि मँगनीज काढायला त्याचा चांगला उपयोग होतो.

आणि टीसीएलची गोष्टही अशीच जुनी आहे. ब्लीचिंग पावडरचं पेटंट १७९९चं, कापड पांढरं करायला. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने शिकाऊ डॉक्टरांना त्याच क्लोरिनच्या चुन्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. जंतू कशाशी खातात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने प्रेताचा वास हातावरून जाईल ते औषध शोधलं होतं.

कुंभारवाडा

आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

कर्दळ

मला सगळ्यांपेक्षा वेगळं म्हणायचंय. एवढी रसायनं हवीतच कशाला? सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीन मिसळला की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, ती कर्करोगाच्या दृष्टीने संशयित आहेत. कर्दळ, पाणकणीस लावून खडीच्या वाफ्यातून पाणी सोडा. किंवा नांदेड जिल्ह्यात गावोगावी झाले तसे शोषखड्डे करा. गटारच नाही, डासच नाही, रसायनही नाही.

हायड्रॉक्सिल

कर्दळ, शोषखड्ड्यांबद्दल तुमच्याइतकाच मलाही अभिमान आहे, आमच्याच जिल्ह्याचं काम आहे. पण ते न्हाणी-मोरीच्या पाण्याला. संडासाचं पाणी तसं जमिनीत सोडलं तर आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून शेजारच्या बोअरला पोचायला वेळ लागत नाही.

ट्रायहॅलोमिथेनचा मुद्दा बरोबर आहे. १९७४ला रॉटरडॅमच्या रूक यांनी ते पाण्यात दाखवून दिलं. पण उपाय पुन्हा तोच येतो: सेंद्रिय घाण आधी काढा, म्हणजे क्लोरीनही कमी लागेल आणि ही संयुगंही कमी होतील. कर्दळीच्या वाफ्याने घाण उतरवून शेवटी थोडासा क्लोरीन, अशी जोडी का नको?

कर्दळ

जोडीला माझी हरकत नाही. जास्वंदताईंकडे वाफ्याला जागा असेल तर मी आराखडा देईन.

काळीमाती

हायपोतल्या सोडियमने काळी जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते. बागेला अजिबात देऊ नका.

गाळणी

काळीमाती, काळजी रास्त आहे पण आकडा पाहा. १० मिलिग्रॅम क्लोरीनबरोबर हायपोतून साधारण ६-७ मिलिग्रॅम सोडियम येतो. साबण, कपड्यांची पावडर आणि मिठातून सांडपाण्यात आधीच याच्या कितीतरी पट असतो. जमीन चोपण होतेय असं वाटलं तर जिप्सम द्या आणि पावसाळ्यात निचरा ठेवा. हायपो थांबवून तो प्रश्न सुटणार नाही.

काळीमाती

आकडा माहीत नव्हता. धन्यवाद.

वाळूजवाला

ताई, अमोनियाबद्दल राहिलं. हवा कमी पडली की अमोनियाचं नायट्रेट होत नाही. क्लोरीन अमोनियाला चिकटून क्लोरामाइन बनतं, ते जंतू मारतं पण सावकाश. मोकळा क्लोरीन उरवायचा तर अमोनिया-नायट्रोजनच्या किमान आठपट क्लोरीन लागतो. पाण्यात ३० मिलिग्रॅम धरला तर लिटरला २४० मिलिग्रॅम, तुमच्या ६० हजार लिटरला रोज १४४ लिटर हायपो! म्हणजे अमोनिया क्लोरीनने काढायचाच नाही, ब्लोअरने काढायचा.

ओटीच्या बाटलीने स्वतः ओळखता येतं. थेंब टाकल्याटाकल्या पिवळं झालं तर मोकळा क्लोरीन. चार-पाच मिनिटांनी हळूहळू पिवळं झालं तर क्लोरामाइन. नारिंगी-लाल झालं तर खूपच जास्त, ते पाणी झाडांना देऊ नका.

जास्वंद

आज सहा आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, कारण सगळं करून मगच सांगायचं होतं.

हा सगळा धागा छापून कमिटीच्या बैठकीत वाचला. ओझोनचं कोटेशन परत पाठवलं. ब्लोअर २४ तास सुरू केला. पहिले आठ-दहा दिवस टाकीवर पांढरा फेस आला आणि मी घाबरले, पण वाळूजवाला यांनी फोनवर धीर दिला. हळूहळू फेस बसला, पाण्याचा रंग काळपट होता तो चॉकलेटी झाला. बाराव्या दिवशी सकाळी खाली गेले तेव्हा वास नव्हता. ओल्या मातीसारखा काहीतरी होता. मी दोनदा झाकण उघडून हुंगलं, खरंच वाटेना.

डोसिंग पंप दुरुस्त केला, नळी कोळशाच्या फिल्टरनंतर जोडली, टाकीत दोन आडभिंती घातल्या. आता दिवसभर थेंबथेंब मिळून ४ लिटर हायपो जातो, पूर्वीच्या निम्म्याहून कमी. कॅन जिन्याखाली सावलीत. ऑपरेटरदादा सकाळी आणि संध्याकाळी ओटी करून वहीत लिहितात. परवा मी गेले तर त्यांनीच मला नळी वर धरून दाखवली, "बघा मॅडम, लगेच पिवळं."

पेट्रीडिशताईंनी सांगितलेल्या पद्धतीने, प्रयोगशाळेच्याच बाटलीत, संध्याकाळी पाचलाच नमुना घेतला. १७० एमपीएन.

बागेला आता संध्याकाळी पाणी देतो. तगरीला नवी पालवी आहे. जास्वंदीची दोन झाडं मात्र गेली, ती वाचली नाहीत.

आता नवीनच अडचण उभी राहिलीय. आता कळलं की ब्लोअर रात्री बंद ठेवायचं खरं कारण लाइटबिल नव्हतंच, तळमजल्यावरच्या आजोबांना त्याच्या घरघरीने झोप लागायची नाही, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. त्यांच्या पलंगाच्या भिंतीला हात लावला की थरथर कळते. काही उपाय?

वाळूजवाला

भिंतीला थरथर लागते म्हणजे ब्लोअर थेट काँक्रीटवर बोल्ट केलाय. चारही पायांखाली रबरी पॅड घाला आणि हवेच्या लोखंडी पाइपाला ब्लोअरजवळ एक फूटभर रबरी जोड द्या, पाइपच आवाज भिंतीपर्यंत नेतो. मग सायलेन्सरची जाळी साफ आहे का बघा. रविवारी मी त्याच बाजूला आहे, येऊन जातो.

गाळणी

मीही येतो. जास्वंदीची दोन कलमं आणतो, लाल आहेत.